जिंकणाऱ्याचं इनाम गेलं कुठं?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लिहिताना मी एक वाक्य सहज ठोकून दिलं होतं, की ओहायो स्टेटनं २०२५ च्या जानेवारीत फायनल जिंकली आणि २ कोटी डॉलर घरी नेले. झालं, त्यावर एवढ्या मेल आल्या की या वेळचं सगळं पान त्यातच गेलं. आणि कबूल करते, वाक्य चूकच होतं. आकडा बरोबर होता, 'घरी नेले' हे चूक. आधी एक सांगून ठेवते, इथं फुटबॉल म्हणजे तो अंड्याच्या आकाराचा बॉल काखेत मारून पळतात तो, कोल्हापूरकरांनी शाहू स्टेडियम डोळ्यापुढं आणू नये. आणि पैसे लाख-कोटीतच सांगते, मिलियन-बिलियनमध्ये माझंच डोकं फिरतं.

सांगलीहून एक काका विचारतात (मुलगी ओहायो स्टेटच्या गावात, कोलंबसला शिकते): ताई, आमच्याकडं जत्रेत कुस्ती निकाली झाली की पैलवानाच्या हातात इनाम तिथल्या तिथं पडतं, फेटा वेगळा. मुलगी म्हणते बाबा तुमच्या मासिकात चुकीचं आलंय, कॉलेजला एवढे मिळालेच नाहीत. मग हे २ कोटी डॉलर गेले कुठं?

काका, तुमची मुलगी बरोबर आहे, तिला माझा नमस्कार सांगा.

तर हिशोब असा. २०२४ च्या सीझनपासून प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीत (फायनल पुढच्या जानेवारीत पडते), १२ टीम घेतात, त्याआधी दहा वर्षं चारच घ्यायचे. पहिले दोन सीझन बारात नंबर लागला की ४० लाख डॉलर मिळायचे, क्वार्टरफायनलला पोचलं की अजून ४० लाख, सेमीला ६० लाख आणि फायनलला ६० लाख. बेरीज करा, २ कोटी. आता यात गंमत बघा, फायनल जिंकायचे वेगळे पैसे नव्हतेच! पोचल्याचे होते. हरणाऱ्यालाही ६० लाख, जिंकणाऱ्यालाही ६० लाख, ट्रॉफी तेवढी जिंकणाऱ्याची. शिवाय टीमचा प्रवास, हॉटेल, जेवणखाण यासाठी प्रत्येक राउंडला ३० लाख डॉलर वेगळे द्यायचे, पण तो खर्चाचा पैसा, त्यात बँडची पोरं, चिअरलीडर्स, अधिकारी मंडळी सगळे जाऊन यायचे, तो काही उरत नसे.

पण हे २ कोटी कॉलेजच्या नावानं यायचेच नाहीत, ते यायचे कॉन्फरन्सच्या नावानं. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा एकत्र संसार समजा. ओहायो स्टेट ज्या घरातली आहे त्याचं नाव बिग टेन, नावात दहा आणि घरात माणसं अठरा (नाव बदलायचं कुणाच्या मनात येत नाही). सातबारावर अठरा नावं असली की एका भावानं कितीही घाम गाळून ऊस काढला तरी बिल सगळ्यांत वाटलं जातं, तसंच. त्या वर्षी बिग टेनच्या चार टीम प्लेऑफमध्ये होत्या. ओहायो स्टेटचे २ कोटी, पेन स्टेट सेमीपर्यंत गेली तिचे १ कोटी ४० लाख, ओरेगनचे ८० लाख, इंडियाना पहिल्याच राउंडला गारद झाली तिचे ४० लाख. एकूण ४ कोटी ६० लाख. अठरानं भागलं तर डोक्यावर साधारण साडेपंचवीस लाख येतात. हे माझं शाळेतलं भागाकाराचं गणित झालं, प्रत्यक्षात घरात आधी खर्च बाजूला काढतात आणि ओरेगन-वॉशिंग्टनसारख्या नव्यानं आलेल्यांना सुरुवातीची काही वर्षं कॉन्फरन्सच्या पैशात कमी वाटा मिळतो, म्हणजे नव्या सुनेच्या पानात आधी अर्धीच पोळी. पण ढोबळ चित्र हेच, जी टीम त्या सीझनला बाउलच्या (सीझन संपल्यावरच्या आमंत्रणाच्या मॅचच्या) आसपासही फिरकली नाही तिच्याही खात्यात ओहायो स्टेटच्या घामातले पैसे पडले.

आता समोरच्या बाजूला बघा. फायनलला समोर होती नोटर डेम. ही टीम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सची मेंबर नाही, आपल्या भाषेत अपक्ष, आणि अपक्षाची किंमत काय असते हे महाराष्ट्राला मी सांगायला नको. ते पण चारही राउंड खेळले. इंडियानाला घरच्या ग्राउंडवर हरवलं, मग जॉर्जियाला, मग पेन स्टेटला, आणि फायनलला अटलांटात ओहायो स्टेटकडून ३४-२३ नं हरले. त्यांचेही २ कोटी झाले, आणि वाटेकरी कुणीच नाही, सगळे त्यांचे. म्हणजे काका, ज्यानं आखाड्यात पाठ टेकली त्याच्या कनवटीला जास्त आणि ज्यानं मारलं त्याचं इनाम भावकीत गेलं!

आणि हे एकदाच झालं म्हणावं तर पुढच्या वर्षी परत तेच. २०२६ च्या जानेवारीत फायनलला इंडियानानं मायामीला २७-२१ नं हरवलं. इंडियाना बिग टेनची, म्हणजे परत अठरा नावं. मायामी एसीसी नावाच्या कॉन्फरन्समधली, आणि एसीसीनं २०२४-२५ पासून नियम बदललाय की पोस्टसीझनमध्ये, म्हणजे प्लेऑफ-बाउलमध्ये, जो कमावेल त्यानं ठेवावं. मायामी हरून २ कोटींची धनी.

एसीसीला हे शहाणपण आपोआप सुचलं नाही बरं का, त्यांच्यातल्याच फ्लोरिडा स्टेटची वाटणीवरून कुरकुर चालू होती, म्हणून २०२३ च्या मे महिन्यात हा नियम ठरला, पण भांडण काही मिटलं नाही. त्याच वर्षी फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ मॅच जिंकून, कॉन्फरन्स जिंकूनही चार टीमच्या प्लेऑफमध्ये घेतली नाही, कारण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीम चालवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, जखमी झालेला, आणि निवड समितीला वाटलं की आता ही टीम पूर्वीसारखी राहिली नाही. त्याच डिसेंबरात फ्लोरिडा स्टेटनं आपल्याच कॉन्फरन्सला कोर्टात खेचलं. वाटणीचं दुखणं आधीपासून होतंच, हे निमित्त झालं. २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली तेव्हा ठरलं की टीव्हीवर ज्याच्या मॅच जास्त लोक बघतात त्याला जास्त वाटा. घर फुटायला आलं की थोरला भाऊ चुली वेगळ्या करून देतो पण दाराला कडी एकच ठेवतो, तसला प्रकार.

डोंबिवलीहून एक वाचक: कॉलेजच्या पोरांच्या खेळाला एवढा पैसा देतं कोण? आणि ती एनसीएए म्हणून कॉलेजच्या खेळांची संस्था आहे ती किती खाते?

देतं ईएसपीएन, तिकडचं खेळाचं टीव्ही चॅनल. प्लेऑफ सुरू झालं तेव्हा, म्हणजे २०१४ च्या सीझनपासून, १२ वर्षांचा करार होता. आता २०२६ पासून नवा, सहा वर्षांचे ७८० कोटी डॉलर, वर्षाला १३० कोटी पडले. तिकीट, टीशर्ट, पॉपकॉर्न हे सगळं त्यापुढं चिल्लर.

एनसीएए किती खाते? शून्य. मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. बास्केटबॉलची जी मार्चमधली मोठी स्पर्धा असते ती एनसीएएची, तिचा टीव्हीचा पैसा एनसीएएकडं येतो आणि तिथून वाटला जातो. पण फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनची चॅम्पियनशिप एनसीएए घेतच नाही. याचं मूळ १९८४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. तोपर्यंत कुठली मॅच टीव्हीवर दाखवायची आणि किती वेळा हे एनसीएए ठरवायची, ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या, आणि ७ विरुद्ध २ नं निकाल लागला की ही मक्तेदारी आहे, बंद करा. त्या दिवसापासून टीव्हीचे हक्क कॉलेजांकडं आणि त्यांच्या कॉन्फरन्सांकडं गेले. मग कॉन्फरन्सवाल्यांनी स्वतःच १९९८ ला बीसीएस नावाची पद्धत आणली, ती २०१३ च्या सीझनपर्यंत चालली, त्यानंतर प्लेऑफ. मालक तेच, पाटी बदलली.

मिशिगनमधून एक इंजिनियर दादा: प्लेऑफ कळलं. पण डिसेंबरमध्ये टीव्ही लावला की रोज कुठला ना कुठला बाउल चालू असतो. ही कुणाची दुकानं आहेत? आणि यात हरलेल्या-जिंकलेल्या कॉलेजला काही सुटतं का?

दादा, हा माझा आवडता प्रश्न आहे त्यामुळं लांबण लागली तर पान उलटा.

सुरुवात कॅलिफोर्नियात पॅसाडीना गावात झाली. तिथं नवीन वर्षाला फुलांच्या रथांची मिरवणूक निघायची, गुलाबाचा उत्सव, त्याला गर्दी खेचायला म्हणून १९०२ ला फुटबॉलची मॅच ठेवली, मिशिगननं, म्हणजे तुमच्याच गाववाल्यांनी, स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. एवढी एकतर्फी झाली की परत मॅच ठेवायचं धाडस १९१६ पर्यंत कुणी केलं नाही. पण मग ती रोज बाउल म्हणून रुजली आणि बघून बघून बाकीच्या ऊबदार गावांनी पण थाटल्या. ऑरेंज बाउल, शुगर बाउल, सन बाउल या तिन्ही १९३५ च्या, कॉटन बाउल १९३७ ची. उद्देश सरळ होता, थंडीत गारठलेली माणसं आपल्या गावात येऊन चार दिवस हॉटेलात राहावीत. म्हणजे मुळात ही यात्रा कमिटीच. आज प्लेऑफ धरून चाळीसच्या वर मॅच होतात आणि १२ पैकी ६ जिंकल्या की टीम पात्र, म्हणजे काठावर पास झालेल्यालाही हार-तुरे.

आणि यात्रा कमिटीसारखंच यातल्या कितीतरी बाउल कागदोपत्री धर्मादाय संस्था आहेत, टॅक्स नाही. त्या कागदाखाली काय चालतं याचा नमुना २०११ ला बाहेर आला. ॲरिझोनातल्या फिएस्टा बाउलचा प्रमुख जॉन जंकर, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाची पार्टी पेबल बीचला, म्हणजे गोल्फच्या पंढरीत, खर्च सुमारे ३३,००० डॉलर, आणि बिल बाउलच्या नावावर. हे पार्टीचं एक वेळ सोडा, नोकरांना राजकीय देणग्या द्यायला लावून ते पैसे त्यांना मागून परत द्यायचे हाही उद्योग चालायचा. त्याला काढलं, पुढं कोर्टात गुन्हा कबूल केला त्यानं. आणि आता तर डझनापेक्षा जास्त बाउल ईएसपीएनच्याच कंपनीच्या आहेत, म्हणजे तंबू त्यांचा, वग त्यांचा आणि तिकीट विकणाराही तोच.

कॉलेजला सुटतं का? त्याच फिएस्टा बाउलची गोष्ट सांगते. २०११ च्या १ जानेवारीला कनेक्टिकट युनिव्हर्सिटी तिथं ओक्लाहोमाविरुद्ध खेळली. मोठा मान, कॉलेजच्या इतिहासातली सगळ्यात मोठी मॅच. पण बाउलला बोलावताना अट असायची की तुमच्या वाट्याची एवढी तिकिटं तुम्ही उचलायची, विकली गेली तर ठीक, नाही गेली तर पैसे तुमचे. कनेक्टिकटच्या वाट्याला १७,५०० तिकिटं आली. आता कनेक्टिकट एका टोकाला, ॲरिझोना दुसऱ्या टोकाला, विमानाचं तिकीट सुट्टीत केवढ्याला पडतं, आणि ज्याला जायचंच होतं त्याला इंटरनेटवर तीच सीट स्वस्तात मिळत होती, मग कॉलेजकडून पूर्ण भावानं कोण घेतो? बहुतेक तिकिटं पडून राहिली, मॅच ४८-२० नं हरले, आणि सगळा जमाखर्च मांडल्यावर कॉलेजला दीड मिलियन, म्हणजे १५ लाख डॉलरच्या वर तोटा झाला. मानाचं पान मिळालं आणि जेवणाचं बिलही आपणच भरलं.

बँडची पण गंमत अशीच. मी कॉलेजात असताना आमच्या टीमला एक लहानसा बाउल मिळाला होता, नाव नाही सांगत, दक्षिणेतलं एक गाव. मी अकाउंटिंगची विद्यार्थिनी, ॲथलेटिक डिपार्टमेंटच्या ऑफिसात तासावर काम करायचे, पावत्या लावायचं काम. मॅचनंतर एक पावती आली, आमच्याच बँडच्या दोनशे-सव्वादोनशे पोरांच्या सीटची, पूर्ण भावानं. मला वाटलं कुणीतरी चुकून पाठवली, मी ती घेऊन सुपरवायझरकडं गेले, की अहो हे तर वाजवायला गेले होते, बघायला नाही. बाई चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाल्या, बसले होते ना? मग सीट लागते. आपल्याकडं वरातीत बँडवाल्याकडून जेवणाचे पैसे घेतले तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, इथं ते पावतीसह घेतात. ती पावती मी 'प्रवास' खात्यात टाकली, दुसरं कुठलं खातंच नव्हतं.

तरी कॉलेजं जातात, का जातात? एक तर ती पंधरा दिवसांची जादा प्रॅक्टिस मिळते, पुढच्या वर्षीच्या पोरांना दाखवायला फोटो मिळतात, माजी विद्यार्थी खुश होऊन देणग्या देतात, आणि तोटा झाला तरी बऱ्याचदा कॉन्फरन्सच्या सामायिक पैशातून भरून निघतो. छोट्या बाउलचे पैसेही कॉन्फरन्सकडंच जातात, तिथून टीमला प्रवासभत्ता मिळतो, तो पुरला तर पुरला. पण हल्ली नाही म्हणणारेही निघालेत. २०२५ च्या डिसेंबरला नोटर डेमला बारात घेतलं नाही तर रुसून त्यांनी दुसऱ्या बाउलला जाणारच नाही असं सांगून टाकलं. अपक्ष तो अपक्षच.

पुण्याहून एक आई: मुलानं विचारलंय, हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललंय त्या खेळाडूंना काय मिळतं?

कित्येक वर्षं याचं उत्तर होतं, स्कॉलरशिप आणि एक पिशवी. पिशवी खरंच सांगते. बाउलला गेलेल्या खेळाडूला बाउलकडून भेटवस्तू द्यायची परवानगी असायची, मर्यादा ५५० डॉलर. हॉटेलच्या एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली, हेडफोन, घड्याळ, गेमिंगचा डबा, कुठं कुठं चक्क आरामखुर्ची, पोरांनी रांगेत जाऊन आपल्या मर्यादेत निवडायचं. एकशे चाळीस किलोचं पोरगं हेडफोन घेऊ का खुर्ची घेऊ म्हणून विचार करत उभं राहतं आणि बाहेर त्याच्या मॅचचे हक्क कोट्यवधी डॉलरला गेलेले. कोचचं मात्र तसं नाही हां, त्याच्या करारात प्रत्येक राउंडला बोनस लिहिलेला असतो, तो भावकीत वाटायला लागत नाही.

यात शहाणी पोरं काय करायला लागली, तर २०१६ च्या सीझनला लिओनार्ड फोरनेट आणि क्रिश्चन मॅकॅफ्री यांनी सरळ सांगितलं की आम्ही बाउल खेळणार नाही, गुडघा मोडला तर पुढं एनएफएलमधले, म्हणजे व्यावसायिक लीगमधले पैसे बुडतील. तेव्हा लोकांनी नावं ठेवली, आता कुणी भुवई पण उचलत नाही.

मग २०२१ ला दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं, ९-० नं, एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. आणि २०२५ च्या ६ जूनला कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मोठी तडजोड मंजूर केली, त्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि कॉलेजनं स्वतःच्या खात्यातून चालू खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी, २०२५-२६ साठी मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर प्रत्येक कॉलेजला, त्यात सगळे खेळ आले. तो २ कोटीचा आकडा ओळखीचा वाटतो ना? तरी त्याचा प्लेऑफच्या २ कोटींशी संबंध नाही, फायनल जिंकली म्हणून पोरांना अमुक टक्के असं कुठंही लिहिलेलं नाही. बाउलचा पैसा एका दारानं येतो, खेळाडूचा पगार दुसऱ्या दारानं जातो.

तुमच्या मुलाला अजून एक सांगा. चार टीमच्या काळात अभ्यासाचेही पैसे होते, टीमच्या पोरांचा अभ्यासाचा स्कोअर ठरलेल्या रेषेच्या वर असला की त्या कॉलेजमागं कॉन्फरन्सला ३ लाख डॉलर, मग टीम सगळ्या मॅच हरलेली का असेना. मला तो नियम फार आवडायचा.

नागपूरहून एक सीए वाचक: २०२६ पासून वाटणी बदलली असं वाचलं. आधीची काय होती, आता काय?

तुम्ही सीए, तुम्हाला आकडे चालतील. आधी मूळ रकमेतले साधारण ८० टक्के पाच मोठ्या कॉन्फरन्सना आणि २० टक्के पाच छोट्यांना, आणि वर ते राउंडप्रमाणे बक्षीस. त्या बक्षिसात छोट्यालाही संधी होती. २०२४ ला बोईसी स्टेट, आयडाहोची टीम, माउंटन वेस्टसारख्या छोट्या घरातली, पहिल्या चार कॉन्फरन्स चॅम्पियनमध्ये आली म्हणून तिला थेट क्वार्टरफायनल मिळाली आणि एक मॅचही न खेळता तिच्या कॉन्फरन्सच्या नावावर ८० लाख डॉलर जमा झाले, मग पेन स्टेटकडून हरले ती गोष्ट वेगळी. पुढच्या वर्षी थेट क्वार्टरफायनलचा नियम बदलला, फक्त रँकिंग बघायचं ठरलं, पण गंमत म्हणजे पहिल्या चार कॉन्फरन्स चॅम्पियनचे ८० लाख तसेच ठेवले, नाहीतर कुणी सह्याच केल्या नसत्या.

आता नव्या करारात बिग टेन आणि एसईसी (ही दुसरी बडी कॉन्फरन्स) यांना सुमारे २९-२९ टक्के. एसीसीला १७ च्या आसपास, बिग ट्वेल्व्हला १५ च्या आसपास, नोटर डेमला एकटीला एक टक्क्याच्या आसपास, आणि बाकी सगळ्या छोट्यांना मिळून ९ टक्के. कॉलेजवर काढलं तर बिग टेन-एसईसीच्या कॉलेजला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरच्या वर, एसीसीवाल्याला १ कोटी ३० लाखाच्या आसपास, छोट्या कॉन्फरन्समधल्याला १८ लाखाच्या आसपास. आणि राउंडप्रमाणे बक्षीस? कॉन्फरन्सवाल्यांसाठी काढून टाकलं. खेळा नाहीतर खेळू नका, पहिल्या राउंडला पडा नाहीतर फायनल मारा, टक्का ठरलेला. म्हणजे सांगलीच्या काकांना वर जे सांगितलं, हरून २ कोटी, ते प्रकरण दोनच सीझन चाललं.

मला विचाराल तर हा करार खेळाचा नाही, खातेफोडीचा आहे. मोठ्या दोघांनी टेबलावर सरळ सांगितलं होतं की आमच्या मनासारखं नसेल तर आम्ही आमची वेगळी स्पर्धा काढू, आणि बाकीच्यांनी सही केली. पूर्वी २० टक्के घेणारे ९ वर आले. अर्थात तुकडा लहान झाला तरी भाकरीच आता केवढी मोठी आहे असं त्यांना सांगितलं जातं, आणि रुपयात, म्हणजे डॉलरात, ते खोटंही नाही. पण हिशोबाच्या वह्या बघितलेल्या माणसाला टक्का कमी झालेला डोळ्यात खुपतोच, तुम्हालाही खुपला असेल.

छत्रपती संभाजीनगरहून एक बाबा: मुलाच्या कॉलेजची टीम बाउलला गेली. आता फी कमी होईल का?

नाही. उलट फीची पावती नीट बघा, बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटींमध्ये, खास करून छोट्या कॉन्फरन्सवाल्यांत, 'ॲथलेटिक्स फी' म्हणून ओळ असते. टीमचा खर्च तुम्ही भरताय.

साताऱ्याहून एक आजी: नातवानं अमेरिकेतून व्हिडिओ पाठवला. मॅच जिंकली आणि पोरांनी त्यांच्या मास्तराच्या डोक्यावर पांढरं काहीतरी बादलीनं ओतलं. दही होतं का गं? एवढं दही वाया का घालवलं?

आजी, दही नव्हतं, मेयोनीज होतं. अंडं आणि तेल घोटून करतात ते, सँडविचला लावायचं. शार्लट गावात मेयोनीजच्या कंपनीच्या नावाचा बाउल होतो, तिथं जिंकणाऱ्या कोचला ते अंगावर घ्यायला लागतं. (दुसरा एक बाउल पॉप-टार्ट्सचा आहे, तिथं माणसाएवढी बिस्किटाची बाहुली टोस्टरमध्ये घालतात आणि जिंकलेली टीम ती खाते, पण तो व्हिडिओ नातवाला पाठवू नको म्हणा.) वाया मात्र गेलं नाही. कोचनं डोक्यावर घेतलं की कंपनी १०,००० डॉलर देते, तो म्हणेल त्या धर्मादाय कामाला. कॉन्फरन्सकडं जात नाहीत, अठरा ठिकाणी वाटायचे नाहीत. सांगलीच्या काकांना कळवा, एक इनाम सापडलं, आणि तिथल्या तिथं मिळतं, फेट्याच्या जागी मेयोनीज.